येळवस थाळीखालची बारीक ओळ

“अक्का, ही भाकरी जरा गोरी करा की.”

कलबुर्गीच्या एका खानावळीचे मालक माझ्या खुर्चीमागे उभं राहून हे सांगत होते. समोर पडद्यावर त्यांच्याच चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा फोटो होता. भाकरी असते तशीच होती, करडी, मधे दोन करपलेले डाग. मेनू कार्डाच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के आपली परंपरा’ असं लिहायचं होतं, आणि त्याखालची भाकरी मैद्याच्या रंगाची दिसायला हवी होती. मी म्हटलं, “मालक, मग नानच छापा ना.” ते रागावले नाहीत. “तुमी लई तापट हाव बगा,” म्हणाले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

मी बिदर जिल्ह्यातल्या भालकीत बसस्टँडजवळच्या एका छपाईच्या दुकानात संगणकावर मांडणीचं काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं, आणि अलीकडे मुख्यतः मेनू कार्डं. ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत. घडत असताना त्यातली एकही मला गंमत वाटली नव्हती, एवढं आधी सांगते आणि लिहायला बसते.

मेनू कार्ड म्हणजे पदार्थांची नावं आणि पुढे आकडे, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या भागात ते चार लिप्यांचं भांडण असतं. कन्नड वर, कारण राज्य कर्नाटक. मग मराठी, कारण जेवायला येणारे निम्मे लोक घरी मराठी बोलतात. मग इंग्रजी, कारण महामार्गावर हैदराबादच्या गाड्या थांबतात. आणि बिदर शहरात उर्दूही, जी उजवीकडून सुरू होते, म्हणजे कार्डाला दोन तोंडं होतात आणि वेटर हमखास उलटं धरतो. कन्नडची गोल अक्षरं आडवी पसरतात. देवनागरीला वर आणि खाली मोकळी जागा लागते. अक्षराचा आकार आठ पॉइंटाच्या खाली नेला की मात्रा, वेलांट्या, उकार एकमेकांच्या अंगावर चढतात आणि ओळ मुंग्यांची रांग दिसते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. प्रत्येक गिऱ्हाईक मान हलवतं आणि म्हणतं, “बरं, पन अजून धा आयटम बसवा.”

त्यात आता वारशाची साथ आली आहे. पूर्वी मालकाला कार्डावर फक्त गणपती नाहीतर दर्ग्याचा घुमट लागायचा. आता प्रत्येकाला ‘आपल्या मातीचा इतिहास’ हवा असतो. बिदरी कामाची काळी-चंदेरी वेलबुट्टी मी इतक्या कार्डांच्या कडेला लावली आहे, की कारागिरांनी माझ्यावर दावा लावला तर मी गुन्हा कबूल करीन. मंचुरियनच्या भोवतीसुद्धा तीच वेलबुट्टी. बिदरच्या एका बिर्याणीवाल्या चाचांनी मला बजावलं, “बेटी, हिस्टरी लिखो, पन छोटी लिखो. नीच्चे पाये का रेट आनाच है.” चाचा निदान सरळ बोलले. त्यांचा इतिहास पाया-शोरब्याच्या दरावरच्या दीड इंचात बसला आणि त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं, कारण एकच वाक्य होतं.

मला खोटं वाक्य सहन होत नाही. हा गुण नसून संगोपन आहे. माझे वडील तालुक्यातल्या सभांची पत्रकं लिहायचे. लोक मुळाक्षरं पाटीवर शिकतात, मी ती पत्रकांवर शिकले. घरात ट्रंकभर पत्रकं होती. पिवळी, गुलाबी, स्वस्त कागदाची, एका बाजूने शाई फुटलेली. आमच्या बौद्ध वस्तीत त्या काळी वाचता येणारे थोडे, म्हणून छापील कागद मनात वाचायची पद्धतच नव्हती. ज्याला येतं त्याने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्याला ऐकू आलं नाही त्याने ‘पुन्हा’ म्हणायचं आणि वाचणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. आई अंगणवाडीतून निवृत्त झाली तरी अजून तसंच वाचते. लाइटचं बिल ती खणखणीत आवाजात वाचते, शेजाऱ्यांना आमचा आकडा पाठ असतो.

वडिलांचा एकच नियम होता. चार माणसांत वाचल्यावर एकाने जरी उठून ‘हे असं नव्हतं’ म्हटलं, तर ते पत्रक बाद.

आता मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलाकडे वळते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच सांगते आहे.

दिगंबर अण्णा हे हळ्ळीखेडकडचे मोठे शेतकरी. वय पन्नाशीचं, बोलणं गोड, हात सढळ. महामार्गालगतच्या जागेत त्यांनी ‘हॉटेल खोप’ काढायचं ठरवलं होतं. खोप म्हणजे येळवसेला शेतात कडब्याच्या पेंढ्यांची करतात ती छोटी झोपडी. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: थंडीतल्या एका अमावास्येला आमच्याकडे आणि लातूर-उदगीरकडे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. खोपीत पूजा होते आणि मग भज्जी. तळलेली भजी नव्हेत. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पातीचा कांदा, शिवारात हाताला येईल ती भाजी, हे सगळं बेसन लावून चिंचेच्या आंबट पाण्यात शिजवतात. सोबत बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, ज्वारीची आंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी शिवारातून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. नको म्हणणाऱ्याचा हात धरून बसवतात. त्या दिवसाची भज्जी कोणी विकत नाही.

अण्णांना ती बारा महिने विकायची होती. विकोत. त्यावर माझं भांडण नव्हतं. कडब्याच्या खऱ्या खोपी करून त्यांत त्यांनी एसी बसवले होते, त्यावरही नव्हतं, आणि उद्घाटनाच्या आधीच शेळ्यांनी पुढच्या दोन खोपी खाल्ल्या, तेव्हा तर शेळ्यांशी माझं पूर्ण एकमत होतं. भांडण झालं ते थाळीखालच्या मजकुरावर. अण्णांनी तो स्वतः लिहून आणला होता. येळवस थाळी, आणि खाली: ‘या दिवशी जातपात न पाहता शिवारातले सगळे लोक एकाच पंगतीत बसतात, हीच आमची परंपरा.’

मी टाइप करता करता थांबले.

माझी आजी खटकचिंचोळीला दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची, आई लहानपणी तिच्यासोबत. येळवसेला हाक त्यांनाही यायची. प्रेमाने यायची, हे आई आवर्जून सांगते. पण ती यायची बांधावरून. बांधाच्या अलीकडे मालकांची पंगत, पलीकडे ह्यांची. आणि पलीकडच्यांनी आपलं भांडं घरून न्यायचं. आजी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं न्यायची. वाढणारा बांधावर उभा राहून वरूनच ओतायचा, पळी पातेल्याला लागू नये म्हणून. गरम भज्जी आईच्या मनगटावर उडायची. “भज्जी बाकी झकास असायची,” आई म्हणते. वडिलांनी पूजाअर्चा सोडली तशी येळवसही सोडली. आईने पूजा सोडली, भज्जी सोडली नाही. त्या अमावास्येला आमच्या गॅसवर भज्जी होते आणि वडील कुरकुरत दोनदा वाढून घेतात.

मी अण्णांना म्हटलं, “हे खरं नाही. एक पंगत नव्हती.”

“कामून खरं न्हाई? आमच्या शेतात या, बगा. आमी कुनाला काई म्हनत न्हाई.”

“आज म्हणत नसाल. तुम्ही परंपरा लिहिलंय. परंपरा बांधाच्या दोन बाजूंना बसायची. आमची माणसं पलीकडे होती.”

अण्णांचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्याने माझी जास्त चिडचिड झाली. वाईट माणसाशी भांडायला बळ येतं. चांगला माणूस दुखावल्यासारखा बघतो आणि आपणच काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, “अक्का, तुमी शिकलेल्या हाव. हे तुमी पेपरात लिवा, भाषनात बोला. जेवायला बसलेल्या मानसाला कामून सांगायलाव?”

“मग तुम्ही त्याला खोटं कामून सांगायलाव?”

आमचे दुकानमालक शिवराजअप्पा गल्ल्यावरून ओरडले, “ए माय, गिऱ्हाईक हाय ते! ते म्हनतील तसं छाप की. तुझं नाव थोडीच येनार हाय खाली?”

हेच मला कोणाला समजावता येत नाही. नाव येत नाही म्हणूनच. पत्रकाखाली निदान ‘आपले नम्र’ असतं, जाऊन विचारता येतं. मेनू कार्ड कोणी लिहिलं हे कोण विचारतो? ते छापलेलं असतं, प्लास्टिकमधे असतं, आणि पोरं त्यावरून शिकतात की आपल्याकडे म्हणे पूर्वीपासून सगळे एकत्रच बसायचे. मग माझ्या आईने मनगटावरचा डाग दाखवला, तर तिलाच विचारतील, “असं कुठं होतं?” ही ओळ माझ्या हातून जाऊ द्यायची नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं. नोकरी गेली तर जाऊ दे.

अण्णा म्हणाले, “आमच्या आप्पाला घेऊन येतो. म्हातारं मानूस हाय, खोटं बोलत न्हाई. ते सांगतील तसं छापा.”

मला नाही म्हणता आलं नाही. वडिलांचाच नियम होता तो. चार माणसांत वाचा.

आप्पा, म्हणजे अण्णांचे वडील, आले. ऐंशीच्या पुढचे, कानाने अधू, पांढरा पटका, हातात काठी. अण्णांनी प्रूफ मोठ्याने वाचून दाखवलं. आधी आप्पा भडकले ते थाळीच्या किमतीवर. “भज्जीला रेट? येळवसेच्या भज्जीला? लाज सोडलास का रे?” ते शांत झाल्यावर अण्णांनी पंगतीची ओळ वाचली. आप्पांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “ह्यात बांध कुटं गेला?”

अण्णांनी प्रूफ खाली ठेवलं.

“बांधाच्या पलीकडं बसायची की ती,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं. सहज घेतलं, बैलाचं घ्यावं तसं. “आपलं भांडं घिऊन यायची. एक पंगत कसली? असं कुटं असतंय?”

“आप्पा, गप बसा हो,” अण्णा कुजबुजले.

“कामून गप बसू? तूच इचारायलास ना?”

मी खुर्चीत बसून होते. मला साक्षीदार मिळाला होता, आणि त्याला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका संताप मला कधी आला नव्हता. मुलगा लाजून खोटं लिहितो, बाप न लाजता खरं सांगतो, आणि ह्या दोघांमधून मी मजकूर तयार करायचा!

अण्णा घाम पुसत म्हणाले, “काढून टाका अक्का ती ओळ. मिटलं.”

“मिटलं नाही. ओळ काढायची तर परंपरा हा शब्दही काढा, खोपीचं चित्रही काढून टाका, कार्डावरचं ‘आपल्या माणसांची चव’ हेही काढा. थाळी आणि किंमत ठेवा. नाहीतर आत्ता आप्पांनी सांगितलं ते लिहा.”

“कुनी लिवतंय का असलं मेनूत?”

मी तिथेच टाइप करून दाखवलं: ‘येळवसेला शिवारात दिसेल त्याला जेवायची हाक जायची. पंगती मात्र बांधाच्या दोन बाजूंना वेगळ्या बसायच्या, आणि पलीकडच्यांनी आपलं भांडं घरून आणायचं. हेही आमच्याच शिवारातलं.’

आप्पांनी ते ऐकलं आणि काठी आपटली. “बरोबर लिवलीय पोरीनं. असंच व्हतं. छाप.” त्यांना ती तक्रार वाटलीच नाही, जुन्या दिवसांची आठवण वाटली. आणि बापाने साक्ष दिलेली ओळ दुकानात सगळ्यांदेखत काढा म्हणायची अण्णांची हिंमत झाली नाही. त्यांनी प्रूफवर सही केली. मी शहाण्यासारखी घरी गेले आणि आईला सांगितलं की जिंकले.

छापून गठ्ठे आले तेव्हा कळलं. कन्नडमधे ती ओळ नव्हती. इंग्रजीत नव्हती. मराठीत होती, पण मी ठेवली होती तिथून उचलून पानाच्या तळाला, ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ याच्या खाली, सहा पॉइंटात. मात्रा एकमेकींच्या अंगावर. मुंग्यांची रांग.

मी शिवराजअप्पांच्या टेबलावर कार्ड आपटलं. “हे कोणी केलं?”

“अण्णांचा फोन आल्ता. थोडं खाली घ्या म्हनले, घेतलं.” ते माझ्याकडे न बघता पावत्या लावत होते. “ओळ हाय का न्हाई? हाय. शब्द बदललाय का? न्हाई. मग आता काय भांडायलीस?”

आणि खरोखर, काय भांडायचं? खोटं छापलं असतं तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. खरंच छापलं होतं, दिसू नये असं. वडिलांच्या सगळ्या ट्रंकेत ह्यावर एक पत्रक नव्हतं.

उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला अण्णा स्वतः घरी आले. आईच्या पाया पडले, पेढे दिले, “सगळ्यांनी यायचं, अक्का,” म्हणाले. मी जाणार नव्हते. वडिलांनी तर आमंत्रणाची पत्रिका वाचायलाच नकार दिला. आई मात्र इस्त्रीची साडी काढून बसली. “चल गं. येळवसेची हाक हाय. बांधावरून हाय का कुठून, जाऊन बघू तरी.”

हॉटेल भरलेलं होतं. नवी खोप, नवा कडबा, शेळ्यांसाठी बाहेर माणूस उभा. आप्पा गल्ल्याजवळच्या खुर्चीत पटका सावरत बसले होते. आम्हाला मधलं टेबल मिळालं. वेटरने कार्ड ठेवलं, आईने चष्मा लावला, आणि मला एकदम आठवलं की आई मनात वाचत नाही.

“हॉटेल खोप!” आईने सुरुवात केली, अंगणवाडीच्या आवाजात. “आपल्या मातीची, आपल्या माणसांची चव! ज्वारीची भाकरी. शेंगाची चटणी. झुणका. मिनरल वॉटर.” शेजारच्या टेबलावरची पोरं हसायला लागली. मी म्हटलं, “आई, हळू.” तिने ऐकलं नाही. व्हेज मंचुरियन वाचलं, किमतीसकट. येळवस थाळी वाचली. बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत, तेही वाचलं. मग थांबली. कार्ड जवळ घेतलं, लांब धरलं, चष्मा काढला, उजेडाकडे तिरकं केलं.

“बारीक छापलंय गं. तुझंच काम का हे?”

आईने ते अक्षर अक्षर लावलं आणि मग पूर्ण वाचलं, तितक्याच मोठ्याने. हाक, बांध, दोन पंगती, घरून आणायचं भांडं. हेही आमच्याच शिवारातलं.

हसणारी पोरं आपल्या कार्डाच्या तळाला ती ओळ शोधायला लागली. गल्ल्यावर अण्णा सुट्टे मोजता मोजता थांबले. आप्पांनी कानामागे हात धरला. “कोन वाचायलंय? मला ऐकू आलं न्हाई. पुना वाच गं माय.”

आई उभी राहिली आणि तिने ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली.

“व्हय,” आप्पा म्हणाले, “तसंच व्हतं.” आणि मग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवायला लागले. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही, आणि मी त्यांच्या वतीने लिहिणार नाही.

थाळी वेटरने आणली नाही. अण्णा स्वतः भज्जीचं भांडं आणि पळी घेऊन आले. मान खाली, कानशिलं लाल. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अण्णा, मी भांडं न्हाई आणलं बरं का घरून.”

हसावं की नाही ते अण्णांना कळलं नाही. मलाही नाही. ते वाकले, पळी ताटाला टेकवली आणि हळूच भज्जी वाढली. आईने मनगट मागे घेतलं होतं, सवयीने. काही उडालं नाही तसं ते परत ताटाशी ठेवलं. उंड्याचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला, चावला. अण्णा पळी घेऊन उभेच होते.

“चिंच कमी पडलीय,” आई म्हणाली.